श्रीमती रमाबाई रानडे आणि पुण्याच्या शिकाऊ परिचारिका

आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत अशी घरे थोडी नाहीत, की ज्यांतील एखादी मुलगी किंवा सून परिचारिकेचे काम शिकावयास शहरी गेली आहे. त्यांपैकी कित्येकींच्या मागे दुसरेही ओझे असते. कोणी सकाळी एखाद्या दवाखान्यात मदतनिशीचे काम करते व दुपारी वर्गात बसते. कोणी रात्री एखाद्या आजारी म्हातारीच्या उशाशी पगारी सोबत करते व पहाटे पुस्तक उघडते. कोणी लेकरू आजीच्या स्वाधीन करून आलेली असते, आणि महिन्याअखेर घरी चार पैसे धाडल्यावाचून तिचे चालत नाही. अशा मुलीविषयी आपण फार तर दोन गोष्टी बोलतो. एक, ती मोठी हिमतीची आहे; आणि दुसरी, एवढा जीव काढण्याचे तिला कारण काय. ह्या दोन्ही बोलण्यांनी तिचे ओझे गुंजभरही हलके होत नाही.

चाकरी, घर आणि शाळा ही तिन्ही एका बाईने कशी सांभाळावी, हा प्रश्न आजचा नव्हे. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी पुणे शहरात एका बाईने तो ओळखला, आणि नुसता उपदेश न करता त्याची सोय लावण्यास आरंभ केला. त्या बाई म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी श्रीमती रमाबाई रानडे. त्यांचे नाव बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्यावरील चरित्रे व नाटकेही लोकांनी पाहिली-वाचली आहेत. परंतु त्यांच्या चरित्राची ही एक बाजू, म्हणजे शिकणाऱ्या परिचारिकेशी असलेला त्यांचा संबंध, पुष्कळांच्या ध्यानात नसते. म्हणून ती आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालच्या जानेवारी महिन्यात हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे ह्या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. घराणे प्रतिष्ठित होते. पण मुलीस अक्षर शिकवावे अशी त्या घरची रीत नव्हती. १८७३ साली, वयाची अकरा वर्षे पुरी झालेली असता, त्यांचे लग्न झाले. वर महादेवराव हे बत्तिसाव्या वर्षात होते. त्यांची प्रथम पत्नी वारून थोडेच दिवस झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या ह्या विद्वान पुरुषाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका अजाण मुलीशी लग्न केले, ह्याबद्दल लोकांनी त्यांस दोष दिला, आणि तो दोष अगदीच निराधार होता असे आम्हांसही म्हणवत नाही. परंतु लग्नानंतर त्यांनी एक गोष्ट तत्काळ आरंभिली. पत्नीस अक्षरओळखही नाही हे कळताच त्यांनी स्वतः तिला शिकवावयास घेतले.

येथूनच रमाबाईंच्या आयुष्यात ती ओढाताण सुरू झाली, जी आज आपल्या मुलींच्या वाट्यास येते. पुण्याच्या वाड्यात सासू, नणंद व इतर वडीलधाऱ्या बायका यांचे मोठे कुटुंब होते. पाणी, स्वयंपाक, वाढणे, निवडणे-टिपणे, सणवार, पाहुणे ह्यांतून सुटका झाल्यावर जी काही वेळ उरे, ती अभ्यासाची. धडा बहुधा रात्री, घर निजल्यावर. दिवसा पुस्तक हाती दिसले की टोमणे सुरू होत. रमाबाई उलट उत्तर करीत नसत. पण मनाला जे लागे ते लागेच. पुढे इंग्रजी शिकण्याचा प्रसंग आला. ती भाषा शिकविणारी बाई इंग्रज. घरच्या बायकांच्या मते तिच्या शेजारी बसणे हाच विटाळ. म्हणून शिकवणी झाली, की स्नान केल्यावाचून रमाबाईंस घरात वावरण्याची मोकळीक नसे. एक धडा आणि एक थंड पाण्याची आंघोळ, असा तो हिशेब होता.

ह्या गोष्टीत वाचकांनी एक मर्म पाहावे. रमाबाई हुशार होत्या, चिकाटीच्या होत्या, हे खरेच. पण तेवढ्यावर त्यांचे शिक्षण तडीस गेले नसते. घरात एक माणूस तरी असे होते, की ज्यास त्या शिकाव्यात असे मनापासून वाटत होते, आणि जे रोज रात्री आपली वेळ त्यासाठी काढून ठेवीत होते. वडीलधाऱ्यांचा विरोध त्या एका माणसानेही पुरता मोडून काढला नाही. पुष्कळदा ते गप्पच राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा ताप रमाबाईंनीच सोसला. तरीही आधार अगदीच नाही आणि एकाचा आहे, ह्यांत अंतर मोठे असते. शिकणाऱ्या बाईस काय हवे असते, हे पुढे पन्नाशीत रमाबाईंस कोणी सांगावे लागले नाही, ते ह्याच कारणाने.

नाशिक, धुळे, मुंबई अशा महादेवरावांच्या बदल्या होत गेल्या. नाशकास रमाबाई चार बायकांत मिसळून मुलींच्या शाळेच्या कामी लक्ष घालू लागल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांस जाऊ लागल्यामुळे रमाबाई रानड्यांस घरी पुन्हा बोल ऐकावे लागले. त्याच वर्षी सरकारने नेमिलेल्या हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली, आणि ह्या देशातील बायकांसाठी स्त्री डॉक्टर तयार करण्याची निकड आहे असे निवेदन केले. परपुरुषास नाडी दाखविण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या बायका तेव्हा घरोघरी होत्या. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला, आणि त्यातून बायकांसाठी दवाखाने व शिक्षण ह्यांस मदत होऊ लागली. आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण परत येऊन फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुरती बावीस वर्षेही झाली नसता, पुण्यातच वारल्या. त्यांच्या हातून एकाही रोग्याची सेवा ह्या शहरात व्हावयाची राहून गेली.

१८८४ साली मुलींसाठी हायस्कूल काढावे ह्या मागणीचा इंग्रजी मजकूर रमाबाई रानड्यांनी मुंबईच्या गव्हर्नरापुढे भरसभेत वाचून दाखविला. घरी आल्यावर त्यांस जे ऐकावे लागले ते निराळे सांगावयास नको. ती शाळा मात्र निघाली, आणि हुजूरपागा ह्या नावाने पुण्यात आजही चालू आहे.

पुढे १८९३ साली महादेवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले व कुटुंब मुंबईस राहावयास गेले. ते मुंबईत असतानाच पुण्यावर प्लेगचे संकट कोसळले. १८९७ सालच्या मार्चात सावित्रीबाई फुले ह्यांनी प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करताच देह ठेविला. शिकलेल्या सेवकांची वाण किती आहे, हे त्या वर्षांनी शहरास दाखविले. रोगी पुष्कळ, भय त्याहून पुष्कळ, आणि रोग्यास हात लावावयास तयार असलेली, तेही योग्य रीतीने लावू जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

१९०१ सालच्या जानेवारीत महादेवराव निवर्तले. शेवटच्या दुखण्यात रमाबाईच त्यांच्या उशाशी होत्या. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वैधव्य आले. त्या पुण्यास आपल्या वाड्यात परत आल्या, आणि काही काळ त्यांनी घराबाहेर पाऊलही टाकले नाही. मग हळूहळू त्या बाहेर पडू लागल्या, आणि कोठे गेल्या, तर येरवड्याच्या तुरुंगात, तेथील बायकांस भेटावयास. आणि इस्पितळांत, रोग्यांस फळे-फुले व दोन शब्द द्यावयास. सार्वजनिक सेवेचा त्यांचा हा दुसरा आरंभ होय. रोग्याच्या खाटेशी बसल्यावर त्यांस काय दिसले असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. ज्या बायका तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत, त्या बहुधा युरोपियन, युरेशियन किंवा ख्रिस्ती असत. पेठांतील हिंदू घरच्या बायका त्यांत जवळजवळ नव्हत्या. आणि त्याच पेठांतील वाड्यांत कित्येक तरुण विधवा, ज्यांस खावयास घर आहे पण करावयास काम नाही, कोनाड्यात पडून होत्या.

१९०८ साली मुंबईचे पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि सिंधचे दयाराम गिदुमल हे दोघे रमाबाईंकडे एक योजना घेऊन आले. बायकांसाठी एक आश्रयाचे घर असावे, आणि आपल्या देशातील स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण मिळावे, असा त्यांचा हेतू होता. त्यातून मुंबईचे सेवासदन निघाले, आणि रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्यात रानड्यांच्या राहत्या वाड्यातच सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे ह्या कामी त्यांचे उजवे हात होते. शिवण, लिहिणे-वाचणे, प्रथमोपचार अशा साध्या वर्गांनी आरंभ झाला. वर्ग दुपारच्या वेळी भरत; कारण सकाळचा स्वयंपाक उरकून संध्याकाळचा लागेपर्यंतची तीच काय ती घरच्या बाईची मोकळी वेळ. शाळेने आपली वेळ बाईच्या घराशी जुळवून घेतली. बाईने घर मोडून शाळेशी जुळवावे असा हट्ट धरला नाही. ही गोष्ट दिसावयास लहान आहे. पण आमच्या मते सेवासदनाच्या यशाचे अर्धे कारण तीतच आहे.

पहिल्या काही वर्षांतच सेवासदनाने परिचारिकेच्या शिक्षणास हात घातला. ह्यासाठी पुण्यात एक ठिकाण होते, ते म्हणजे ससून इस्पितळ. बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभे राहिले, व १८६७ साली उघडले गेले. ते पेठांपासून दूर, रेल्वे स्टेशनाच्या बाजूस आहे. सेवासदनाच्या मुलींनी तेथे जावे, वॉर्डात काम करावे आणि कामाबरोबरच शिकावे, अशी योजना ठरली.

येथे परिचारिकेची शाळा ही इतर शाळांहून वेगळी कशी, हे सांगितले पाहिजे. कारण आजच्या मुलींच्या अडचणीचे मूळ तेथेच आहे. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात जी शाळा काढली, तिच्यात शिकाऊ परिचारिकेस राहण्यास जागा, जेवण, गणवेश आणि हातखर्चास वर्षाचे दहा पौंड मिळत. आणि त्याबद्दल ती वॉर्डात राबत असे. म्हणजे शाळा आणि चाकरी ही एकाच छपराखाली, एकाच दिवसात, एकाच देहाने करावयाची. हीच पद्धत पुढे जगभर पसरली. हिचा गुण हा, की गरिबाच्या मुलीस फी न भरता धंदा शिकता आला. हिचा दोष हा, की इस्पितळास कामाची निकड पडली, म्हणजे शिकणे मागे पडे आणि राबणे पुढे येई.

रमाबाईंच्या काळी हे राबणे काय होते, हेही पाहावे. पेनिसिलिनसारखी औषधे दवाखान्यांत आली ती १९४० नंतर. त्यापूर्वी विषमज्वर किंवा न्यूमोनिया झालेल्या रोग्यास डॉक्टरच्या औषधाइतकाच, किंबहुना अधिक, परिचारिकेच्या हाताचा आधार असे. अंग पुसणे, ताप मोजून लिहिणे, कुशी पालटणे, तोंड स्वच्छ ठेवणे, घोटघोट पाणी पाजणे, मलमूत्र काढणे, हत्यारे उकळणे, आणि रात्रभर जागून रोग्याच्या श्वासाकडे लक्ष देणे, ह्यावर त्याचे जगणे-मरणे ठरे. वर्गात शरीररचनेची नावे पाठ करावयाची, आणि वॉर्डात हे सर्व करावयाचे. ज्या बाईने कालपर्यंत सोवळ्याच्या घरात परक्याची सावलीही घेतली नव्हती, तिने आज कोणत्याही जातीच्या रोग्याचे भांडे उचलावयाचे होते.

ह्यामुळे पहिली अडचण अभ्यासाची आलीच नाही. ती लोकांच्या जिभेची आली. इस्पितळातले काम हलके, तेथे परक्या पुरुषांत वावरावे लागते, रात्री घराबाहेर राहावे लागते, असे आक्षेप निघाले. ह्या आक्षेपांस रमाबाईंनी वादविवादाने थोडे आणि व्यवस्थेने अधिक उत्तर दिले. रात्री राहावयाचे कोठे, हा प्रश्न होता ना? शिकाऊ परिचारिकांसाठी निराळे वसतिगृह उघडले गेले. वैद्यकी शिकणाऱ्या मुलींसाठी दुसरे निघाले. लिहिणे-वाचणे कच्चे असल्यामुळे व्याख्याने समजत नाहीत, ही अडचण होती ना? तिच्यासाठी सेवासदनाचे वर्ग होतेच. आणि मुलीच्या चारित्र्याची हमी कोणी द्यावी, असे विचारणाऱ्यांस स्वतः रमाबाईंचे नाव हीच हमी होती. त्या शुद्ध वैधव्याच्या आचाराने राहत, कीर्तन-पुराणास जात, आणि कोणत्याही घरच्या सासूशी तिच्याच भाषेत बोलू शकत. केवळ भाषणे करणाऱ्या सुधारकांस जे दार उघडत नसे, ते त्यांस उघडे. ह्या सावधपणाबद्दल काही सुधारकांनी त्यांस मागासलेल्या ठरविले, तर जुन्या लोकांनी त्यांस धर्म बुडविणाऱ्या म्हटले. दोहोंकडून बोल खात त्यांनी मुलींस शिकविले.

सेवासदनाच्या एका बक्षीससमारंभाची हकीकत अशी आहे. शिकलेल्या बायकांपैकी एक विधवा बक्षीस घ्यावयास व्यासपीठावर आली. रूढीप्रमाणे तिचे केशवपन झालेले, अंगावर विधवेचे तांबडे लुगडे, आणि त्याचाच पदर डोक्यावरून घेतलेला. तिला पाहून सज्जात बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारंभ संपल्यावर आभार मानावयास रमाबाई उठल्या, आणि त्यांनी त्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की ज्यांस आपल्याच घरातील अशा एखाद्या बहिणीची आठवण होत नाही, त्यांस शिकलेले कसे म्हणावे. सभेत शांतता पसरली.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगितला. त्या बाईने परीक्षा दिली, घरचे बोल सोसले, बक्षीस मिळविण्याइतका अभ्यास केला. एवढे सर्व तिच्या हातचे होते, ते तिने केले. पण सज्जातील हसणे थांबविणे तिच्या हातचे नव्हते. ते काम दुसऱ्या कोणी तरी उठून करावयाचे होते. रमाबाई उठल्या. शिकणाऱ्या बाईच्या डोईवरील ओझ्याचे नेहमी दोन भाग असतात. एक तिने वाहावयाचा, आणि दुसरा आपण उतरवावयाचा. आपण आपला भाग तिच्याच डोईवर ठेवतो, आणि मग तिच्या हिमतीचे कौतुक करतो.

पुढील वर्षांत काम वाढत गेले. १९१५ साली पुणे सेवासदन ही रीतसर नोंदलेली संस्था झाली. शिक्षिकांसाठी अध्यापिका विद्यालय निघाले, वसतिगृहांची संख्या तीनवर गेली, आणि आषाढी-कार्तिकीच्या यात्रेस आळंदीला जाऊन सेवासदनाच्या बायका यात्रेकरू स्त्रियांस मदत करू लागल्या. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली, तेव्हा शिकलेल्या परिचारिकेची किंमत, पूर्वी नाके मुरडणाऱ्या लोकांसही कळली असेल. ह्याच सुमारास पुण्यातील मुलींसही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून रमाबाईंनी चळवळ केली, व मुंबई इलाख्यात स्त्रियांस मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. आपल्या संसाराची हकीकत त्यांनी १९१० सालीच पुस्तकरूपाने लिहिली होती. मराठी स्त्रियांनी लिहिलेल्या आरंभीच्या आत्मकथनांत तिची गणना होते. १९२४ साली त्या वारल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात एक हजारांहून अधिक स्त्रिया व मुली शिकत होत्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली त्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. संस्थेच्या नावातच सेवा हा शब्द होता, आणि तो शब्द फार मोठा आहे. पण मोठ्या शब्दाआड लहान अन्याय लपू शकतो. परिचारिकेस सेवेची देवता म्हणावे, आणि तिच्या पगाराची व झोपेची चौकशी करू नये, ही चूक त्या काळी झाली, आणि पुढेही होत आली. रमाबाईंचा मोठेपणा आमच्या मते ह्यात आहे, की त्यांनी सेवेचे नाव घेतले खरे, पण त्याबरोबर छप्पर, वर्ग, सोबत आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा धंदाही दिला. ज्या विधवेस घरात खायला मिळत होते पण मान मिळत नव्हता, तिच्या हाती आपल्या कष्टाचा पैसा आला. हा पैसा भिक्षेचा नव्हता, आणि दयेचाही नव्हता.

वाचकहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आज परिचारिकेचे शिक्षण पुष्कळ बदलले आहे. त्यास पाठ्यक्रम आहे, परीक्षा आहे, पदविका व पदव्या आहेत. आणि फीही आहे. लंडनच्या त्या शाळेत मुलीस हातखर्च मिळे; आज बहुतेक ठिकाणी तिलाच पैसे भरावे लागतात. दिवसभराचा वर्ग, वॉर्डातील पाळ्या, आणि फीसाठी वेगळी चाकरी, असे तिहेरी ओझे तिच्यावर पडते. आणि हा धंदा असा आहे, की ज्यात दमलेल्या माणसाची चूक दुसऱ्याच्या जिवावर येते. हिशेबनिसाने झोपेत आकडा चुकविला तर तो सकाळी दुरुस्त करता येतो; औषधाचे माप चुकले तर ते परत घेता येत नाही. म्हणून शिकाऊ परिचारिकेची झोप ही तिची चैन नव्हे. ती रोग्याची ठेव आहे. सलग दोन रात्री जागून ती परीक्षेस बसली, ह्याचे कौतुक आपण करू नये. तिला जागावे का लागले, हे विचारावे.

घरच्या माणसांनी इतके तरी करावे. मुलगी रात्रपाळी करून आली, तर तिला निजू द्यावे. दिवसा निजते म्हणून आळशी म्हणू नये, आणि भाकरी थापावयास उठवू नये. तिचे लेकरू सांभाळणाऱ्या आजीचेही काम हे शिक्षणाचेच काम आहे, असे समजून त्या म्हातारीचाही भार कोणी तरी वाटून घ्यावा. मुलगी शिकत आहे तोवर तिच्या पैशावर घरचे कर्ज फेडण्याचा बेत पुढे ढकलता येत असेल, तर ढकलावा. आणि ती रात्री साडेआठ वाजता गणवेश घालून मोटारीच्या थांब्यावर उभी दिसली, तर कोठे जाते म्हणून कुजबुजू नये. सज्जातील हसणे आणि ओट्यावरील कुजबूज ह्यांत फारसे अंतर नाही.

मंडळीनेही आपला वाटा पाहावा. एका मुलीच्या एका सहामाहीची फी दहा घरांनी मिळून भरणे हे अशक्य नाही. गावची एखादी निवृत्त नर्सबाई किंवा शिक्षक आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी शब्द समजावून देतील, तर मराठी शाळेतून गेलेल्या मुलीचे अर्धे भय पळेल. रमाबाईंनी ह्याहून वेगळे काय केले? त्यांच्यापाशी वाडा होता, म्हणून त्यांनी वाडा दिला. आपल्यापाशी ओटा असेल, तर ओटा द्यावा.

आणि शिकणाऱ्या भगिनींस आम्ही आदराने एवढेच सुचवितो. आपल्या चाकरीची गोष्ट शाळेपासून लपवून ठेवू नका. मेट्रन किंवा शिक्षिका यांस विश्वासात घेऊन सांगा. पाळी बदलून मिळो वा न मिळो, आपली खरी स्थिती ठाऊक असलेले एक माणूस तेथे असावे. दोन्ही ओझी एकदम पेलत नसतील, तर आधी लहान अभ्यासक्रम पुरा करून नोकरीस लागणे, आणि मग नोकरीतून पुढची पदवी घेणे, ह्यात कमीपणा नाही. पदविकाधारक परिचारिकांसाठी पदवीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, व अनेकजणी तसे करतात. रमाबाईंनी तरी सर्व एकदम कोठे शिकून घेतले? अकराव्या वर्षी मुळाक्षरे, बाविसाव्या वर्षी भरसभेत इंग्रजी, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी सेवासदन. दिव्याशी काढलेल्या त्या रात्रींचे फळ पदरी पडावयास वर्षे लागली.

लक्ष्मी रस्त्याने जाताना सेवासदनाची इमारत दिसते. तेथे आज मुलामुलींच्या शाळा भरतात. तिकडे स्टेशनाजवळ ससून इस्पितळात रात्रीच्या पाळीस जाणाऱ्या मुली फाटकातून आत शिरत असतात. कोणाच्या पिशवीत डबा, कोणाच्या पिशवीत पुस्तक, आणि बहुतेकींच्या पिशवीत दोन्ही. त्यांपैकी एखादी आपल्याच गावची असेल. ती सुट्टीस घरी आली, म्हणजे परीक्षेत किती गुण पडले हे विचारण्याच्या आधी, बाई, तू जेवलीस का आणि नीट निजतेस का, हे आपण तिला विचारावे.